सुपरलेटिव्ह डिग्री: ईएसटी की मोस्ट हे नंतर, आधी ‘कोणांत?’

खडूवाली (धागाकर्ती)

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. दहावीच्या वह्या तपासताना एक वाक्य हटकून सापडतं: ‘ही इज मोस्ट टॉलेस्ट दॅन ऑल.’ एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही चुकांमागे मुलाचा पक्का विचार आहे. म्हणून त्यावर नुसती लाल रेघ मारून भागत नाही.

मुलाच्या डोक्यात मराठी वाक्य असतं: ‘तो सगळ्यांपेक्षा उंच आहे.’ मराठीत तुलना करताना ‘उंच’ हा शब्द जागचा हलत नाही. ‘पेक्षा’, ‘सगळ्यांत’, ‘सर्वांत’ हे बाहेरचे शब्द सगळं काम करतात. मूल मग ‘सगळ्यांत’साठी मोस्ट शोधतं, ‘पेक्षा’साठी दॅन आणि ‘सगळे’साठी ऑल. ‘सर्वांत’ दाखवणाऱ्या सुपरलेटिव्ह रूपासाठी वर्गात शिकवलेलं ईएसटी (शब्दाच्या शेवटी जोडायचं ‘est’) वाया जाऊ नये म्हणून तेही लावून टाकतं. ‘द’ मात्र राहून जातो, कारण मराठीत त्याला जोडच नाही.

आता रूपं कशी होतात ते. ‘छोट्या शब्दाला ईएसटी, मोठ्या शब्दाला मोस्ट’ असं आपण सर्रास सांगतो आणि मुलं अक्षरं मोजायला बसतात. स्ट्रेट या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं आहेत, तरी त्याचं रूप स्ट्रेटेस्ट. इझीमध्ये चारच अक्षरं, पण उच्चारात तो स्ट्रेटपेक्षा लांब. मोजायची असतात ती सिलेबल्स, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आणि ती कानाने. मी मुलांना शब्द म्हणत टाळ्या वाजवायला लावते. एक टाळी पडली की ईएसटी: टॉल–टॉलेस्ट, कोल्ड–कोल्डेस्ट, स्ट्रेंज–स्ट्रेंजेस्ट. तीन किंवा जास्त टाळ्या पडल्या की मोस्ट: मोस्ट ब्यूटिफुल, मोस्ट इंटरेस्टिंग, मोस्ट एक्स्पेन्सिव्ह.

खरी गंमत दोन टाळ्यांच्या शब्दांत आहे. शेवटी वाय असेल तर ईएसटी आणि त्या वायचा आय होतो: हॅपी–हॅपिएस्ट, इझी–इझिएस्ट, हेवी–हेविएस्ट. नॅरो, सिंपल, जेंटल, क्लेव्हर हेही ईएसटी घेतात. पण शेवटी फुल, लेस, अस, आयएनजी किंवा ईडी आला की मोस्टच: मोस्ट युजफुल, मोस्ट केअरलेस, मोस्ट फेमस, मोस्ट बोअरिंग. काही शब्द दोन्हीकडे चालतात: कॉमनेस्ट आणि मोस्ट कॉमन, पोलायटेस्ट आणि मोस्ट पोलाइट. मुलाने यांपैकी काहीही लिहिलं तरी मी बरोबर देते आणि प्रत्येक शिक्षकाने द्यावं असं माझं ठाम मत आहे. एका रूपावर अडून बसून मुलाचा गुण कापणं अन्याय आहे.

अपवाद म्हणजे बोअर्ड, टायर्ड असे ईडीवाले शब्द. बोअर्डला टाळी एकच पडते, तरी मोस्ट बोअर्ड. राँग आणि रिअल यांनाही सहसा मोस्टच लागतं. उलट अनहॅपीला तीन टाळ्या पडतात, पण तो हॅपीच्या मागे जातो: अनहॅपिएस्ट.

स्पेलिंगमध्ये अक्षर दोनदा कधी येतं? शब्द एका सिलेबलचा, शेवटी एकच व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर असेल तर. बिगचा जी दोनदा, हॉटचा टी दोनदा, थिनचा एन दोनदा. क्लीनमध्ये व्यंजनाआधी दोन स्वर आहेत, फास्टमध्ये शेवटी दोन व्यंजनं आहेत, म्हणून तिथे काही दोनदा येत नाही. लो आणि न्यू यांच्या शेवटचा डब्ल्यूही कधी दोनदा येत नाही. शेवटी ई असेल तर नुसतं एसटी जोडायचं: लार्जेस्ट, नाइसेस्ट. अनियमित रूपं मोजकी आहेत आणि ती पाठच करावीत: गुड–बेस्ट, बॅड–वर्स्ट, लिटल–लीस्ट, मच आणि मेनी–मोस्ट, फार–फार्देस्ट किंवा फर्देस्ट.

हे सगळं आठ-दहा दिवसांत येतं. मुलं अडतात ती पुढे. सुपरलेटिव्ह म्हणजे एका घोळक्यातून एकाला पुढे काढणं. घोळका ठरल्याशिवाय ‘सर्वांत’ला अर्थ नाही. म्हणून मी फळ्यावर आधी ‘कोणांत?’ असं लिहिते आणि रूप नंतर करायला लावते. जागा असेल तर इन: द टॉलेस्ट इन द क्लास, द ओल्डेस्ट टेंपल इन द टाउन. माणसांचा किंवा वस्तूंचा गट असेल तर ऑफ: द टॉलेस्ट ऑफ द फोर ब्रदर्स, द बेस्ट ऑफ ऑल. मराठीत दोन्हीकडे ‘त’ किंवा ‘मध्ये’ चालून जातं, त्यामुळे इथे ‘द टॉलेस्ट फ्रॉम ऑल’ असले प्रकार होतात. आणि दॅन सुपरलेटिव्हबरोबर येत नाही. दॅन आला की रूप ईआर किंवा मोअरचं हवं.

‘द’बद्दल एवढंच: घोळक्यातला तो एक ठरला, म्हणून द. माय, हिज, इंडियाज असा मालकी दाखवणारा शब्द आधी आला की द जातो. ‘माय द बेस्ट फ्रेंड’ नाही, ‘माय बेस्ट फ्रेंड’.

इथे इंग्रजी शिकवणारे, भाषांतर करणारे, परदेशात राहणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडची उदाहरणं द्या. मला ती वर्गात वापरायची आहेत.

---

रानवाट

ताई, ‘कोणांत?’ हा मुद्दा फार मोलाचा आहे. डोंगर चढणाऱ्यांकडून एक उदाहरण देतो, कारण तिथे या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं की वाक्य व्याकरणात बरोबर राहूनही खोटं ठरतं.

‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’ खरं आहे. उंची १६४६ मीटर. पण भटकंतीच्या लेखांत बऱ्याचदा ‘इन द वेस्टर्न घाट्स’ असं लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे. पश्चिम घाटातलं सर्वांत उंच शिखर केरळमधलं अनामुडी, २६९५ मीटर. म्हणजे हजार मीटरहून जास्त फरक. रूप हायेस्टच राहिलं, फक्त इनच्या पुढचा शब्द बदलला.

गोदावरीचंही तसंच. ‘द लाँगेस्ट रिव्हर इन पेनिन्सुलर इंडिया’ म्हटलं तर बरोबर, १४६५ किलोमीटर. ‘इन इंडिया’ म्हटलं की गंगा पुढे जाते.

आणखी एक. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल. इंग्रजीत हे ‘द सेकंड हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’. मुलं ‘सेकंड हायर’ किंवा ‘सेकंड हाय’ लिहितात, कारण सर्वांत उंच नाही तर हायेस्ट कसं, असं त्यांना वाटतं. क्रमांक सांगायचा असला तरी रूप सुपरलेटिव्हचंच राहतं.

---

दहावीचा_बाबा

धागा आवडला. मुलीची बोर्डाची परीक्षा आहे. तिची खरी डोकेदुखी ‘चेंज द डिग्री’ ही आहे: अर्थ तोच ठेवून वाक्य सुपरलेटिव्ह, कंपॅरेटिव्ह (ईआर किंवा मोअर) आणि पॉझिटिव्ह (अ‍ॅज–अ‍ॅज) अशा तीन प्रकारे लिहायचं. तीन वाक्यं पाठ केली आहेत, पण कुठे ‘एनी अदर’, कुठे ‘मोस्ट अदर’ आणि कुठे ‘व्हेरी फ्यू’ यात गोंधळ होतो. पाठ न करता समजावता येईल का?

---

खडूवाली

येईल, आणि रानवाट यांचं कळसूबाईच त्याला उत्तम. मुलीला आधी एकच विचारा: हा एकटा पहिला आहे, की पहिल्या काहींमधला एक आहे?

एकटा पहिला असेल तर तीन वाक्यं अशी:

कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.
कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.
नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई.

पहिल्या काहींमधला असेल तर:

मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन इंडिया.
मुंबई इज बिगर दॅन मोस्ट अदर सिटीज इन इंडिया.
व्हेरी फ्यू सिटीज इन इंडिया आर अ‍ॅज बिग अ‍ॅज मुंबई.

दोन गट मनात वेगळे ठेवले की पाठांतराची गरज उरत नाही. ‘एकटा’ म्हणजे एनी अदर आणि नो अदर. ‘काहींमधला’ म्हणजे मोस्ट अदर आणि व्हेरी फ्यू. परीक्षेत पहिल्या गटाचं वाक्य देऊन दुसऱ्या गटाचं उत्तर लिहिलं की अर्थ बदलतो आणि गुण जातो.

‘अदर’ का लागतो हेही तिला सांगा. ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ असं लिहिलं तर त्या ‘एनी पीक’मध्ये कळसूबाईही आलं, म्हणजे ते स्वतःपेक्षाच उंच ठरलं. अदर त्याला बाजूला काढतो. पण ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ यात अदर नको, कारण एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाहीच. हे उदाहरण मी नेमाने देते. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहिली आणि ‘एव्हरेस्ट कुठे आहे?’ एवढंच विचारलं की मागच्या बाकावरूनही उत्तर येतं.

‘वन ऑफ द’च्या पुढे नाम अनेकवचनी, क्रियापद मात्र एकवचनी: वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इज मुंबई. ‘वन ऑफ द बेस्ट प्लेयर’ ही चूक तर मोठ्यांच्या अर्जांतही असते.

कधी कधी एक अवघड प्रकार येतो: ‘सम बॉइज आर अ‍ॅट लीस्ट अ‍ॅज क्लेव्हर अ‍ॅज गोपाळ.’ काही मुलं निदान गोपाळइतकी तरी हुशार आहेत, म्हणजे जास्तही असू शकतात. मग गोपाळ एकटा पहिला उरत नाही: ‘गोपाळ इज नॉट द क्लेव्हरेस्ट ऑफ ऑल द बॉइज.’

---

टेम्सकाठी

लंडनमध्ये बरीच वर्षं आहे. इथे ऐकलेलं आणि पुस्तकातलं यात थोडा फरक जाणवतो, तो लिहितो.

शाळेत शिकलो होतो की दोघांमध्ये तुलना असेल तर ईआर, तिघांपासून ईएसटी. लिहिताना हे अजून पाळतात: द टॉलर ऑफ द टू. या रूपाआधीही द येतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बोलताना मात्र ‘द बेस्ट ऑफ द टू’ सर्रास ऐकू येतं. ‘पुट युअर बेस्ट फुट फॉरवर्ड’ ही म्हण तर जुनीच आहे, आणि पाय दोनच असतात. परीक्षेत नियम पाळावा, पण असं बोलणाऱ्याला अडाणी समजू नये.

एल्डेस्ट हा शब्द घरातल्या माणसांपुरता. माय एल्डेस्ट सिस्टर ठीक, पण देवळाला किंवा झाडाला ओल्डेस्ट. आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे ‘शी इज एल्डर दॅन मी’. एल्डरपुढे दॅन येत नाही, तिथे ओल्डर दॅन मी हवं.

मोस्ट दिसला की प्रत्येक वेळी सुपरलेटिव्ह असतोच असंही नाही. ‘अ मोस्ट इंटरेस्टिंग लेक्चर’ म्हणजे फार रंजक व्याख्यान, तिथे तुलना कुणाशीच नाही. ‘अ’ आहे की ‘द’ यावरून ओळखायचं. आणि ‘मोस्ट पीपल’ म्हणजे बहुतेक लोक. ‘द मोस्ट पीपल’ लिहिलं की अर्थ ‘सर्वांत जास्त लोक’ असा होतो. अर्जात, अहवालात हा द चुकून पडला तर वाचणारा अडखळतो.

---

दूर्वांकुर

संस्कृतच्या बाजूने थोडं, कारण ईएसटी आपल्याला वाटतो तितका परका नाही.

ज्येष्ठ, श्रेष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ, वरिष्ठ या शब्दांच्या शेवटचा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीचा ‘ईएसटी’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. पाणिनीचं सूत्र आहे, ‘अतिशायने तमबिष्ठनौ’ (५.३.५५). अतिशय दाखवायचा असेल तर ‘तम’ किंवा ‘इष्ठ’ लावा. म्हणजे संस्कृतातही दोन मार्ग होते. सगळ्यांत सुंदर जोडी म्हणजे स्वादु–स्वादिष्ठ आणि स्वीट–स्वीटेस्ट. मूळ शब्दही एक, प्रत्ययही एक. दोन्ही भाषा हजारो वर्षं वेगळ्या वाढल्या, तरी हे टिकलं.

गुड–बेस्ट अनियमित का, असं मुलं विचारतात. संस्कृतातही ‘प्रशस्य’चं रूप ‘श्रेष्ठ’ होतं आणि त्यासाठी पाणिनीला वेगळं सूत्र द्यावं लागलं (५.३.६०). ‘युवन्’ आणि ‘अल्प’ यांच्यापासून ‘कनिष्ठ’. चांगला, थोरला, धाकटा असे रोजच्या तोंडचे शब्दच असे वेगळे राहतात. रोज वापरात असल्याने ती जुनी रूपं कोणी विसरत नाही आणि नियमाच्या चौकटीत ओढलीही जात नाहीत. बेस्ट आणि वर्स्ट तसेच टिकले. इंग्रजीतला नेक्स्ट हासुद्धा मुळात ‘सर्वांत जवळचा’ आणि लास्ट हा लेटचं जुनं सुपरलेटिव्ह. आज ते कोणाला जाणवत नाही.

आता ‘मोस्ट टॉलेस्ट’. परीक्षेत ते चूकच, पण जुन्या इंग्रजी लेखनात दुहेरी रूप रूढ होतं. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये तिसऱ्या अंकात अँटनी ब्रूटसच्या घावाला ‘द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल’ म्हणतो. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ‘द मोस्ट स्ट्रेटेस्ट सेक्ट’ आहे (हा स्ट्रेट वेगळा, अर्थ ‘कडक’). अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी हे बाद ठरवलं. आपल्याकडे वाजसनेयी संहितेच्या, म्हणजे शुक्ल यजुर्वेदाच्या, पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ येतं: इष्ठ झाल्यावर पुन्हा तम. मराठीतला ‘सर्वोत्तम’ घ्या. उत्तममध्ये ‘तम’ आहेच, वर ‘सर्व’ आणखी. जोर देण्याची ही ओढ भाषांमध्ये जुनी आहे. म्हणून मूल मोस्ट टॉलेस्ट लिहितं तेव्हा रागावू नये, आजचा नियम शांतपणे सांगावा.

---

अनुवाद_चालू

सगळी चर्चा विशेषणांवर चालली आहे. क्रियाविशेषणांचं कोणी काही लिहील का? भाषांतर तपासताना मला त्या चुका जास्त सापडतात. ‘शी सिंग्ज मोस्ट ब्यूटिफुल’ असं चांगले शिकलेले लोक लिहितात.

---

खडूवाली

याचं कारणही मराठीतच आहे. ‘सुंदर मुलगी’ आणि ‘सुंदर गाते’, दोन्हीकडे ‘सुंदर’ तोच. इंग्रजीत गाण्याची रीत सांगायची तर ब्यूटिफुली लागतं आणि सर्वांत म्हणायचं तर मोस्ट ब्यूटिफुली.

एलवाय लावून झालेल्या क्रियाविशेषणाला मोस्ट: मोस्ट केअरफुली, मोस्ट क्लिअरली, मोस्ट स्लोली. बोलताना स्लोएस्ट, क्विकेस्ट ऐकू येतं, पण लेखी उत्तरात मोस्ट क्विकली सुरक्षित. जे शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण म्हणून एकच आहेत त्यांना ईएसटी: फास्टेस्ट, हार्डेस्ट, हायेस्ट, अर्लिएस्ट, लेटेस्ट. सूनचं सूनेस्ट. अर्लीच्या शेवटी एलवाय दिसतो म्हणून मुलं ‘मोस्ट अर्ली’ लिहितात. तो एलवाय वरून जोडलेला नाही, शब्दच तसा आहे. अनियमित: वेल–बेस्ट, बॅडली–वर्स्ट, मच–मोस्ट, लिटल–लीस्ट.

एकच शब्द दोन कामं करताना दाखवायचा असेल तर धावपटू उसेन बोल्ट उपयोगी पडतो. २००९ मध्ये बर्लिनला त्याने शंभर मीटर ९.५८ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. ‘बोल्ट वॉज द फास्टेस्ट मॅन इन द रेस’ यात फास्टेस्ट माणसाबद्दल बोलतो, ‘बोल्ट रॅन फास्टेस्ट’ यात धावण्याबद्दल. दुसऱ्या वाक्यात द लावला किंवा गाळला तरी चालतं. पहिल्यात लागतोच.

विशेषण असूनही ‘द’ न लागणारी एक जागा आहे: ‘द लेक इज डीपेस्ट हिअर.’ तळं दुसऱ्या तळ्याशी ताडून पाहिलेलं नाही, त्याचीच निरनिराळी ठिकाणं ताडली आहेत. पण ‘धिस इज द डीपेस्ट लेक इन द डिस्ट्रिक्ट’मध्ये इतर तळी आली, म्हणून द आला.

---

रानवाट

परफेक्ट, युनिक यांना मोस्ट लावू नये असं आम्हाला शिकवलं होतं. ते अजून खरं आहे का?

---

टेम्सकाठी

परीक्षेत आणि औपचारिक लेखनात लावू नये. युनिक म्हणजे एकमेव, त्यात आणखी वरची पायरी नाही. वापरात मात्र लोक लावतात. १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेची सुरुवातच ‘अ मोअर परफेक्ट युनियन’ची इच्छा धरून होते. त्याचा अर्थ ‘पूर्णत्वाच्या आणखी जवळचं’ असा घ्यायचा.

---

दहावीचा_बाबा

मुलीला एव्हरेस्ट-कळसूबाई दाखवलं, अदरचा गोंधळ गेला. एक शेवटचं. ‘धिस इज द बेस्ट बुक आय हॅव एव्हर रेड’ याची डिग्री बदलायची तर एनी अदर कुठे घालायचं?

---

खडूवाली

तिथे घोळका म्हणजे आजवर वाचलेली सगळी पुस्तकं. तो ‘आय हॅव एव्हर रेड’ने आधीच सांगितला आहे, म्हणून इन किंवा ऑफ लागत नाही आणि काळ हॅवचा येतो. कंपॅरेटिव्ह: ‘आय हॅव नेव्हर रेड अ बेटर बुक दॅन धिस.’ पॉझिटिव्ह: ‘आय हॅव नेव्हर रेड अ‍ॅज गुड अ बुक अ‍ॅज धिस.’ एनी अदर घालायची गरज नाही, ते काम नेव्हर करतो. नेव्हरबरोबर पुन्हा नॉट लिहू नये एवढं तिला सांगा. शब्दांचा क्रम ‘अ‍ॅज गुड अ बुक’ असाच, ‘अ‍ॅज अ गुड बुक’ नाही. इथे पुष्कळांचा गुण जातो.